किती टनाचा खेळ?

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ तारखेला, संध्याकाळी शाळेतून घरी आले तर आमचा धाकटा दारातच उभा. हातातली पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या पुढे केला. अकरावीतला मुलगा न सांगता पाणी आणून देतो तेव्हा आईने ओळखायचे की काहीतरी मागणे आहे. चहा होईपर्यंत त्याने दम धरला. मग म्हणाला, "आई, आज एक नवा गेम आलाय. जपानी आहे. घेऊ या का?"

"केवढ्याला?"

"साडेचार हजारांपर्यंत जाईल."

आमच्या मिस्टरांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. अशा वेळी ते पान उलटतात आणि निर्णय माझ्यावर सोडतात. खाटेवर पडलेले दादा मात्र उठून बसले. दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे नगरलाच असतात. (त्याच आठवड्यात जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे.) त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "किती टनाचा आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात फ्रिज आला तेव्हाही विचारला गेला होता आणि मोठीच्या कॉलेजची फी भरली तेव्हाही. दादा पाथर्डी तालुक्यातले. त्यांनी आणि आईने पंचवीस वर्षे कारखान्या-कारखान्यावर ऊस तोडला. रुपयाचा आकडा त्यांच्या मनात शिरत नाही, टनाचा शिरतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढायचे ठरले आणि टनाचा भाव साडेतीनशेच्या वर गेला, हे त्यांना कारखान्यावरच्या जुन्या सोबत्यांकडून कळले होते. धाकट्याने मोबाईलवर भागाकार केला. "बारा-तेरा टन होतात, दादा."

"म्हंजी एका कोयत्याचं सहा-सात दिवस," दादा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. नको म्हणाले नाहीत, घे म्हणाले नाहीत. नवरा-बायकोचे सहा-सात दिवस, पहाटे चारपासून! धाकटा खाली मान घालून बसला.

मला आणखी एक कारण होते. खेळाचे ते यंत्र, प्लेस्टेशन ४, आम्ही विकत घेतलेले नाही. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने नवे घेतले आणि जुने धाकट्याला दिले. वर्षापूर्वी हट्टाने फुटबॉलचा एक खेळ आणवला होता. आठ दिवस खेळला, नंतर त्या डबीवर धूळ. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता की यापुढे खेळावर दमडी खर्च करायची नाही.

"हा तसला नाही आई," तो म्हणत होता, "हा वाचायचा गेम आहे." वाचायचा खेळ म्हणजे काय, हे मला कळेना. रविवारी भाच्याला फोन लावला आणि तासभर शिकवणी घेतली. ती वाचकांनाही सांगते, कारण पुष्कळ घरांत मुले या गोष्टी मागतात आणि आपण काय नाकारतो किंवा काय घेऊन देतो, हे आपल्यालाच ठाऊक नसते.

मी १९९२-९३ च्या सुमारास नगरला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. तेव्हा मैत्रिणीच्या घरी टी.व्ही.ला जोडायचा, कॅसेट घालून खेळायचा खेळ होता. मारिओ आणि काँट्रा. उड्या मारा, गोळ्या झाडा, मरा, पुन्हा सुरू करा. ती यंत्रे एका जपानी कंपनीच्या यंत्राची नक्कल होती. खुद्द जपानमध्ये मात्र त्याच यंत्रावर १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा वेगळ्याच जातीचा खेळ आला होता. त्यात गावे, माणसे आणि एक लांबलचक गोष्ट. खेळणाऱ्याने गोष्टीतल्या एकाची भूमिका घ्यायची, वगात नट सोंग घेतो तशी. लोकांशी बोलायचे, ते काय म्हणतात ते वाचायचे आणि पुढचा रस्ता शोधायचा. लढाई असते, पण धावपळीची नाही; सोंगट्यांसारखी पाळीपाळीने. जपानी पोरे त्या खेळांवर मोठी झाली. आमच्या कॅसेटीत ते कधी दिसले नाहीत. वाचायला लागणारी वस्तू आपल्यापर्यंत उशिराच पोहोचते, असे मला उगीच वाटून गेले.

धाकट्याने मागितलेल्या खेळाचे नाव 'मेटाफर: रीफॅन्टाझिओ'. मेटाफर म्हणजे रूपक. अॅटलस कंपनीचा, कात्सुरा हाशिनो यांनी दिग्दर्शित केलेला. गोष्ट अशी: एका राज्यात अनेक जमाती राहतात. कोणाला शिंगे, कोणाला लांब कान, कोणाला शेपटी. कोण वरचा आणि कोण खालचा, हे जन्मावर ठरलेले. राजाचा खून होतो. मेलेल्या राजाची जादू अशी की ज्याच्या पाठीशी जनता तो नवा राजा. या निवडणुकीत उतरतो एल्डा नावाच्या जमातीतला एक पोरगा. एल्डा म्हणजे ज्यांची सावलीही नको अशी ठरवलेली मूठभर माणसे. त्याच्याजवळ एक पुस्तक असते. जिथे जमातींचा भेदभाव नाही अशा देशाचे वर्णन त्यात आहे आणि राज्यातले लोक त्याला कपोलकल्पित समजतात.

मी फोनवर गप्प झाले. भाचा म्हणाला, "मावशी, ऐकतेस ना?"

त्यानेच एक उपयोगी गोष्ट सांगितली. या खेळाचा सुरुवातीचा काही तासांचा भाग कंपनीने फुकट दिला होता. आवडला तर खेळ घ्यायचा, आणि जेवढे खेळून झाले तेवढे वाया जात नाही, तिथूनच पुढे चालते. मग मी अट घातली. दिवाळीच्या सुट्टीत आधी तो फुकटचा भाग, तोही बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मोबाईलच्या रोजच्या डेटावर तो उतरवायलाच त्याच्या तीन रात्री गेल्या.

पहिल्या दिवशी पहिली लढाई सुरू झाली आणि दादा खाटेवरून उठून टी.व्ही.पुढे आले. मागे संगीत वाजत होते आणि त्यात कोणीतरी एका दमात, भराभर, ठेक्यात काहीतरी म्हणत होते. दादांनी विचारले, "हे काय? परित्राण चाललंय का?"

आम्ही हसलो. पण धाकट्याने शोधून काढले तेव्हा आमचीच तोंडे उघडी राहिली. संगीतकार शोजी मेगुरो यांनी तो आवाज एका जपानी बौद्ध भिक्खूकडूनच गाऊन घेतलेला आहे. केइसुके होन्र्यो हे त्यांचे नाव. भाषा जपानी नाही, पाली नाही. एस्पेरांतो, म्हणजे साऱ्या जगाची एक भाषा व्हावी म्हणून एकोणिसाव्या शतकात मुद्दाम तयार केलेली भाषा. दादांना एस्पेरांतो समजावण्याचा प्रयत्न मी केला नाही. "भन्तेच आहेत," एवढेच सांगितले. त्या दिवसापासून लढाई लागली की दादा टी.व्ही.चा आवाज वाढवायला सांगत.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गोष्टीतला पोरगा राजधानीत येतो. रस्त्यावर गर्दी. त्याला पाहून लोक कुजबुजतात, बाजूला सरकतात, एकजण तोंडावर बोलतो. खेळ सगळा इंग्रजीत. धाकटा वाचून दादांना मराठीत सांगत होता, इथे तो थांबला.

"काय म्हणत्यात ते त्याला?" दादांनी विचारले.

"काही नाही, शिव्या देतात."

"कशापायी?"

"तो एल्डा आहे म्हणून."

दादा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्यांच्या लहानपणची, बाजाराच्या गावच्या हॉटेलाची हकिगत सांगितली. हॉटेलाबाहेर खिळ्याला कपबशी टांगलेली असे. आपण ती काढायची, वरून चहा ओतून घ्यायचा, बाहेर बसून प्यायचा, आपणच विसळायची आणि पुन्हा खिळ्याला लावायची. एकदा त्यांच्या हातून ती फुटली. वडिलांनी दिवसभराच्या मजुरीतून भरून दिली. मी ही हकिगत लहानपणी ऐकली होती. धाकट्याने पहिल्यांदाच ऐकली.

तो खेळ थांबवून म्हणाला, "मागच्या वर्षी क्लासमधल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो ना. त्याच्या आईने आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात. मला वाटलं, कप कमी पडले असतील."

वर्षभर तो हे पोटात घेऊन बसला होता. आणि आम्हीही काही कमी गप्प नव्हतो. सोनई आणि खर्डा आमच्याच जिल्ह्यातले. सोनईला जानेवारी २०१३ मध्ये तीन तरुण मारले गेले, खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एक शाळकरी पोरगा. तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. आम्ही दोघांनी ठरवले होते की पोराच्या कानावर हे जाऊ द्यायचे नाही, त्याला मोकळे वाढू द्यायचे. जयंतीला, विहारात तो इतिहास ऐकत होता. पण तो सगळा इतिहासच. कागदी कप आला तेव्हा तो कशाचा, हे त्याला ओळखता आले नाही.

एका जपानी कंपनीला असली गोष्ट कशी सुचली, हा प्रश्न मला पडला. त्यांनी ती कशावरून घेतली याबद्दल मी काही बोलणार नाही. पण जपानलाही हा रोग ठाऊक आहे. तिथे बुराकू समाज आहे; कातडे कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी. १८७१ साली कायद्याने तो भेद रद्द झाला. (त्याच साली इंग्रज सरकारने आपल्याकडे काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला!) कायदा झाला तरी भेद गेला नाही, म्हणून १९२२ साली त्या लोकांनी सुईहेइशा ही आपली संघटना काढली. आणि १९७५ साली उघडकीला आले की बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली यादी छापून विकली जात होती आणि नोकरीला आलेला उमेदवार कोणत्या वस्तीतला, हे ताडण्यासाठी कंपन्या ती विकत घेत होत्या. आडनाव विचारून भागले नाही की गाव विचारायचे, गावावरून भागले नाही की गल्ली. पद्धत तीच.

हे सगळे झाले म्हणून मी लगेच पैसे काढून दिले, असे मात्र नाही. चांगला विषय आहे एवढ्यावर वस्तू घ्यायची तर रद्दीवाल्याकडेही चांगल्या विषयाची पुस्तके असतात. पूर्ण खेळ संपायला सत्तर-ऐंशी तास लागतात, सगळे कानेकोपरे पाहिले तर शंभर. अकरावीचे वर्ष, सीईटीच्या क्लासचा हप्ता डोक्यावर. शिवाय हा खेळ लहान मुलांचा नाही. त्यातले राक्षस अंगावर येतात. आणि गंमत पाहा, त्या राक्षसांना त्या राज्यात 'मानव' म्हणतात. घरात लहान पोर असते तर मी बाहेरच्या खोलीत तो लावूच दिला नसता.

एका गोष्टीने मात्र माझे मन वळले. या खेळात लढाईसाठी निरनिराळ्या विद्या आहेत: योद्ध्याची, मांत्रिकाची, वैद्याची, व्यापाऱ्याची. सोबत्यांपैकी कोणीही कोणतीही शिकू शकतो. शिंगवाल्याने तलवारच चालवावी आणि शेपटीवाल्याने ओझेच वाहावे, असा नियम नाही. रस्त्यावरचे लोक जन्म पाहतात. खेळाचे नियम पाहत नाहीत. हे कोणी भाषणात सांगत नाही, खेळता खेळता कळते. आणखी एक. नायकाला पाच गुण वाढवावे लागतात: धैर्य, शहाणपण, सहिष्णुता, वक्तृत्व आणि कल्पनाशक्ती. प्रवासात पुस्तक वाचत बसला की त्याचे शहाणपण वाढते. मी म्हटले, "मग इथे रसायनशास्त्राचं वाचलं तर तुझं नाही का वाढणार?" त्यावर त्याने जे तोंड केले ते लिहिण्यासारखे नाही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. २० तारखेच्या मतदानासाठी माझी ड्युटी लागली. दिवसभर बाहेर प्रचाराच्या गाड्या आणि मी प्रशिक्षणाचे कागद वाचत बसलेली. तेव्हा मिस्टर पहिल्यांदा या विषयावर बोलले. "जनतेच्या मनात काय आहे ते जादूनं कळतं म्हणे त्या खेळात. इथं तुला दोन दिवस यंत्रं उचलायला लागतात." मग जरा थांबून म्हणाले, "घेऊन दे त्याला. पण नवा नको."

म्हणजे त्यांनी पानाआडून सगळे ऐकले होते. शेवटी ठरले ते असे. सहामाहीचा निकाल लागल्यावर बघायचे. इंटरनेटवरून थेट उतरवून घ्यायचा नाही, कारण तसा घेतलेला खेळ पुन्हा विकता येत नाही. डबीतली तबकडीच घ्यायची. फुटबॉलची जुनी तबकडी विकून जे येतील ते त्याचे, उरलेले आमचे. डिसेंबरात या खेळाला अमेरिकेतल्या मोठ्या समारंभात कथानकासाठी, कलेसाठी आणि त्या प्रकारातला उत्तम खेळ म्हणून अशी तीन पारितोषिके मिळाल्याची बातमी धाकट्याने मला मुद्दाम वाचून दाखवली. मी म्हटले, पारितोषिकाने भाव उतरत असेल तर सांग. जानेवारीत भाच्याने पुण्यात कोणाकडून तरी वापरलेली तबकडी अठ्ठावीसशेला आणली. जुनीचे सहाशे आले. दादांनी हिशेब विचारला. बावीसशे, म्हणजे सहा टन. "जमतंय," ते म्हणाले.

शनिवार-रविवारी दोन-दोन तास, असा नियम होता. परीक्षेच्या काळात बंद. तो नियम पाळला गेला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रात्री बाहेरच्या खोलीतून भन्तेंचा आवाज दोन-तीनदा तरी आला. पण एक पाहिले. शेजारी उघडलेली वही होती आणि अडलेले इंग्रजी शब्द तो लिहून ठेवत होता, कारण दुसऱ्या दिवशी दादा विचारत, "मग फुडं काय झालं?" आणि दादांना 'साधारण असं काहीतरी' चालत नाही.

दादांना त्यातला हाइझमे फार आवडला. वटवाघळासारखा दिसणारा, बुटका, उतारवयातला सरदार. एका गावातली मुले नाहीशी होतात आणि आळ त्याच्यावर येतो, कारण तो त्या जमातीचा. दादा म्हणाले, "आमच्याकडं कुटं चोरी झाली की आदी पारध्याच्या पालावर जात्यात, तसंच की."

मे महिन्याच्या सुट्टीत खेळ संपला. शेवटाची सगळी गुपिते मी फोडत नाही. कोणाला घ्यायचा असेल तर त्याचा रस जाईल. एवढेच सांगते की त्या एल्डा पोराचा धागा शेवटी राजघराण्याशी जाऊन भिडतोच. धाकट्याने हे सांगितले तेव्हा दादा चिडले.

"म्हंजी कर्णाचंच केलं त्यांनी! सूताचा म्हणून हिणवलं, आन्‌ शेवटाला कुंतीचाच निघाला. साधा आमच्यासारख्या घरातला का नाही राजा होत?"

धाकट्याने खेळाची बाजू घेतली. तसे नाही, त्याचा अर्थ वेगळा आहे, दोघे वेगळे नाहीतच, वगैरे. अर्धा तास वाद चालला. मला विचाराल तर मी दादांच्या बाजूची आहे. इतका मोठा खेळ करणाऱ्यांना तेवढे एक पाऊल पुढे टाकता आले असते. आणि राजा निवडून आणायचा असला तरी तो राजाच की! पण त्या वादात पोरगा आजोबांशी बरोबरीने बोलत होता, अडला की वही उघडून दाखवत होता. ते ऐकत मी भाजी निवडत बसले होते.

तबकडी विकायची ठरली होती. दोन हजारांना तरी जाईल, असे भाचा म्हणाला होता, म्हणजे सगळा खर्च आठशेवर, सव्वादोन टनांवर आला असता. धाकट्याने डबी पुसून पिशवीत घातलीही. तेव्हा दादा म्हणाले, "राहू दे इतक्यात. त्या भन्त्याचं एकदा पुन्ना लाव."

डबी अजून कपाटातच आहे.